आधी पाच मिनिटांची चाचणी: व्हिडिओ-ऑडिओ एडिटिंगसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर कसं निवडायचं

माझं पहिलं एडिटिंग सॉफ्टवेअर मी एका तुलनेच्या तक्त्यावरून निवडलं होतं. ज्याच्या रकान्यात बरोबरच्या खुणा जास्त, ते आपलं. चाळीस मिनिटांचं एक व्याख्यान मोबाइलवर शूट केलेलं होतं. दोन रात्री बसून कापाकापी केली, शीर्षकं टाकली, रेंडर लावून, म्हणजे तयार व्हिडिओ बनवायला सोडून, झोपलो. सकाळी बघतो तर सुरुवात झकास, पंधराव्या मिनिटाला ओठ आधी हलतायत आणि शब्द मागून येतायत, आणि शेवटी तर वक्ता पाणी पितोय तरी बोलणं चालूच. दोष माझ्या फुटेजमध्ये होता. त्या सॉफ्टवेअरला तसलं फुटेज झेपत नव्हतं आणि मी काम सुरू करण्याआधी ते तपासलं नव्हतं.

तेव्हापासून मी तक्ते बघत नाही. आपलं फुटेज आणि आपला संगणक घेऊन दोन सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवून बघतो. ते कसं करायचं, ते पुढे सांगतोच. पण चाचणीला बसवायचे उमेदवार आधी निवडावे लागतात.

पायरी १: फुकट कोणतं आणि मुक्त कोणतं, ते वेगळं करा

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटरची एक आवृत्ती फुकट मिळते आणि रंगकामासाठी ती उत्तमच आहे. ओशनऑडिओ हा आवाजाचा एडिटरही फुकट आहे. पण दोन्ही मुक्तस्रोत नाहीत. त्यांचा कोड कुणाला बघता येत नाही आणि उद्या कंपनीने फुकट आवृत्तीतून एखादी सोय काढून घेतली तर आपल्याला काही म्हणता येत नाही. ती वापरू नका असं मी म्हणत नाही, पण यादी करताना ती वेगळ्या रांगेत ठेवा.

मुक्तस्रोत असण्याचा फायदा कागदावरचाच नाही, हे ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरच्या बाबतीत दिसलं. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प २०२१ मध्ये म्यूज ग्रुपने घेतला. लगेच वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आला. कोड सगळ्यांसमोर असल्यामुळे नेमकं काय जोडलं जाणार आहे हे लोकांनी वाचलं, गदारोळ झाला आणि तो प्रस्ताव मागे घेतला गेला. ज्यांचा तरीही विश्वास बसला नाही त्यांनी तोच कोड घेऊन टेनॅसिटी नावाची वेगळी शाखा काढली. बंद सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्याला असं करता येत नाही.

उलट उदाहरण आर्डरचं. गाणी रेकॉर्ड करायचं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे, पण तयार बांधलेला प्रोग्राम प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून हवा असेल तर पैसे द्यावे लागतात. कोड घेऊन स्वतः बांधलात तर फुकट, आणि लिनक्सच्या बऱ्याच वितरणांमध्ये तो आयताच मिळतो. यात फसवणूक काही नाही, परवान्याला हे मंजूर आहे.

आणखी एक फायदा रोजच्या कामातला. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या व्हिडिओ एडिटरच्या प्रोजेक्ट फाइली साध्या मजकुराच्या असतात. एकदा मी क्लिपा एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवल्या आणि प्रोजेक्ट उघडल्यावर सगळी टाइमलाइन (क्लिपा क्रमाने मांडायची पट्टी) ‘फाइल सापडत नाही’ म्हणून रिकामी. प्रोजेक्टची एक प्रत काढली, ती नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडली, जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा टाकला, सेव्ह केलं. टाइमलाइन जशीच्या तशी परत. (केडेनलाइव्ह स्वतःच हरवलेल्या क्लिपा शोधून देतो, हे मला नंतर कळलं. असो.)

पायरी २: आपल्याकडे काय आहे ते आधी बघा

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी मीडियाइन्फो हे छोटं मुक्तस्रोत साधन घ्या आणि नेहमीच्या कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली एक फाइल त्यात टाका. बरीच माहिती दिसेल, त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या.

पहिली ‘फ्रेम रेट मोड’. तिथे ‘कॉन्स्टंट’ असेल तर निवांत. ‘व्हेरिएबल’ असेल तर सावध. फोन उजेड आणि प्रोसेसरवरचा ताण बघून दर सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त करतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ठरावीक दराने मोजत जातं. माझ्या व्याख्यानात हेच झालं होतं. फरक किती लहान असला तरी साचतो: २९.९७ च्या फुटेजला ३० समजून चालवलं तरी तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत पडते. ओठ आणि आवाज यांत पाव सेकंदाचा फरक पडला तरी प्रेक्षकाला खटकतो.

दुसरी ओळ कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने आवळून साठवलाय त्याची. ‘एव्हीसी’, म्हणजे एच.२६४, लिहिलं असेल तर बहुतेक संगणकांना झेपतं. एचईव्हीसी, त्यात पुन्हा १० बिट असेल तर प्रोसेसरला घाम फुटतो. फोनवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय) चालू असेल तर रंग फिके, धुतल्यासारखे दिसण्याची शक्यताही असते. खास गरज नसेल तर शूट करतानाच ते बंद करा.

तिसरी, आवाजाचा सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते. व्हिडिओत तो साधारण ४८ किलोहर्ट्झ असतो, म्हणून ऑडिओचं कामही त्याच दरावर ठेवा.

संगणकाच्या बाबतीत शॉटकटने स्वतःच दिलेली मोजपट्टी उपयोगी आहे: साध्या दर्जाच्या व्हिडिओसाठी ४ जीबी रॅम, एचडीसाठी ८, फोर-केसाठी १६. रॅम कमी असेल तर फोर-केचा विचारच सोडा असं नाही. प्रॉक्सी नावाची सोय आहे, तिच्याकडे येऊच. पण डिस्कवर जागा हवी. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी खाते. ऑडॅसिटी मूळ सेटिंगला ३२ बिटमध्ये काम करतो, म्हणजे त्याच्या दुप्पट. तासाभराचं स्टिरिओ रेकॉर्डिंग १.४ जीबीच्या आसपास जातं, आणि त्यावर एकेक इफेक्ट लावत गेलात की फाइल आणखी फुगते.

पायरी ३: व्हिडिओसाठी उमेदवार दोनच ठेवा

नावं डझनभर सापडतील. त्यांची गर्दी बघून दबून जायचं कारण नाही, कारण आतलं यंत्र बऱ्याच जणांचं एकच आहे. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि फ्लोब्लेड हे तिघेही एमएलटी नावाच्या चौकटीवर उभे आहेत आणि फाइली वाचण्या-लिहिण्यासाठी जवळजवळ सगळेच एफएफएमपेगवर अवलंबून असतात. त्यामुळे ‘याला ही फाइल उघडते, त्याला नाही’ असा फरक फार नसतो. फरक हाताळणीत असतो, आणि अडचण आली की कोण कसं वागतं त्यात.

माझा पहिला सल्ला शॉटकट. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. विंडोजवर तर इन्स्टॉल न करता उघडता येणारी झिप मिळते, त्यामुळे चाचणी करून टाकून देणंही सोपं. फाइल व्हेरिएबल फ्रेम रेटची असेल तर तो स्वतःहून सांगतो आणि एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का असं विचारतो. मला हे त्या व्याख्यानाच्या वेळी मिळालं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या. पहिल्यांदा उघडल्यावर मात्र खिडकी रिकामी आणि अनोळखी वाटते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘व्हिडिओ मोड’ ऑटोमॅटिक ठेवला तर पहिली टाकलेली क्लिप ज्या मापाची, त्या मापाचं प्रोजेक्ट बनतं. पहिली क्लिप उभी असेल तर सगळं प्रोजेक्ट उभं. आणि फिल्टर कशावर बसणार हे तुम्ही काय निवडलंय त्यावर ठरतं: क्लिप निवडली तर त्या क्लिपवर, ट्रॅकचं डोकं निवडलं तर सगळ्या ट्रॅकवर. ‘मी एका क्लिपचा रंग बदलला आणि सगळंच निळं झालं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

दुसरा केडेनलाइव्ह, केडीई प्रकल्पाचा. काम मोठं असेल, ट्रॅक पाच-सहा असतील, दोन कॅमेरे आणि वेगळा रेकॉर्डर असेल तर हाच घ्या. वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजाशी लाटा बघून जुळवून देण्याची सोय यात आहे. बोलण्यावरून उपशीर्षकं तयार करायला व्हॉस्क आणि व्हिस्पर ही दोन इंजिनं जोडता येतात आणि ती आपल्याच संगणकावर चालतात. चुकून काही बिघडलं तर आपोआप साठवलेली मागची प्रत उघडता येते. बदल्यात शिकायला वेळ लागतो, आणि जुन्या संगणकावर तो शॉटकटपेक्षा जड वाटतो, निदान मला तरी.

या दोघांत उड्या मारत काम करू नका. शॉटकटमध्ये ‘एक्स’ दाबलं की निवडलेली क्लिप उडते आणि पुढच्या क्लिपा सरकून जागा भरतात. केडेनलाइव्हमध्ये ‘एक्स’ दाबलं की हातात कात्री येते. बोटांना एक सवय लागली की दुसरीकडे काय घोटाळा होतो, ते एकदा करून बघितलं तरी पुरे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ओपनशॉट दिसायला सगळ्यांत सोपा. चार फोटो, एक गाणं, दोन शीर्षकं एवढ्यापुरता चांगला, मोठ्या टाइमलाइनवर मी त्यावर भरवसा ठेवत नाही. फ्लोब्लेड फक्त लिनक्ससाठी, चपळ आहे. ब्लेंडरमध्ये व्हिडिओ एडिटर आहे, पण ज्याला ब्लेंडर आधीच येतं त्यानेच त्या वाटेला जावं. ऑलिव्ह बघून मोह होतो. तो अर्धवट अवस्थेत आहे, खरं काम त्यावर चढवू नका.

आणि कित्येकदा एडिटर लागतच नाही. रेकॉर्डिंगचं पुढचं-मागचं नको ते कापायचंय, बस. त्याला लॉसलेसकट. फाइल पुन्हा एन्कोड न करता तो कापतो, म्हणून तासाभराची फाइल काही सेकंदांत हातात येते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. मर्यादा अशी की कट की-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच, बसतो. काही फाइलींमध्ये दोन की-फ्रेममध्ये १० सेकंदांचंही अंतर असतं, तेव्हा कट हव्या त्या जागेच्या अलीकडे सरकतो.

पायरी ४: आवाजाचं काम वेगळ्या प्रोग्रामकडे द्या

व्हिडिओ एडिटरमध्येही आवाजाचे फिल्टर असतात, पण बोलण्याची साफसफाई ऑडॅसिटीत करणं जास्त सुखाचं. ३.२ आवृत्तीपासून इफेक्ट चालू आवाजावर ऐकत लावता-काढता येतात. त्याआधी एकदा लावला की ‘अनडू’ हाच आधार होता. आजही नॉइज रिडक्शन मात्र जुन्या पद्धतीनेच, थेट आवाजावर लागतो, आणि प्रोजेक्ट बंद केलं की ‘अनडू’चा इतिहास जातो. म्हणून मूळ आवाजाची प्रत वेगळी ठेवा.

माझा क्रम असा. रेकॉर्डिंग सुरू करताना पाच सेकंद सगळ्यांना गप्प बसवतो. तेवढा तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’, म्हणजे खोलीतला पंखा कसा वाजतो हे प्रोग्रामला ऐकवायचं. मग सगळा ट्रॅक निवडून नॉइज रिडक्शन. तिथे आवाज किती डेसिबल कमी करायचा ते विचारतात. लोक उत्साहाने २४ वर नेतात आणि माणूस पाण्याखालून बोलतोय असा आवाज मिळवतात. मी उलट ८-९ वर आणतो. थोडा पंखा राहू दे, माणसाचा आवाज माणसाचा वाटला पाहिजे. त्यानंतर ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापतो, म्हणजे टेबलाचे धक्के आणि घरघर जाते. मग हलकासा कंप्रेसर, म्हणजे मोठ्या आणि हळू आवाजातलं अंतर कमी होतं. सगळ्यात शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन: पॉडकास्टला स्टिरिओत उणे १६ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) चालतं. ऑडॅसिटीत तिथे उणे २३ दिसेल. ते युरोपीय प्रसारण मानकाचं आहे, फोनवर ऐकणाऱ्याला हळू वाटेल.

आवाज व्हिडिओतला असेल तर ऑडॅसिटीत काहीही कापू नका. शांत जागा आपोआप काढणारा इफेक्ट मोहक आहे, पण त्याने लांबी बदलते आणि व्हिडिओशी जुळणं कायमचं तुटतं. लांबी तीच ठेवून ४८ किलोहर्ट्झ वेव्ह काढा, टाइमलाइनवर मूळ आवाजाच्या बरोबर खाली ठेवा, मूळ ट्रॅक मूक करा. कापाकापी त्यानंतर.

गाणं रेकॉर्ड करायचं असेल, दहा-बारा ट्रॅक, वाद्यं, मिक्सिंग, तर आर्डर. संगणकावरच वाद्यं रचून तालतुकडे करायचे तर एलएमएमएस. फक्त बोलणं असेल तर या दोघांकडे वळायचं कारण नाही.

पायरी ५: आता चाचणी

दोन्ही सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधात वरती येणारी जाहिरातीची पानं हुबेहूब दिसतात आणि सोबत भलतंच काही घेऊन येतात. पत्ता नीट वाचा.

चाचणीला नमुन्याच्या क्लिपा घेऊ नका. आपल्याकडची सगळ्यांत त्रासदायक फाइल घ्या: लांब, फोनवरची, कमी उजेडातली. ती पूर्ण टाइमलाइनवर टाका आणि थेट शेवटच्या मिनिटावर जा. ओठ आणि आवाज जुळतात का? जुळत नसतील तर हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्राममधून ती फाइल ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ ठेवून काढून घ्या आणि पुन्हा बघा. आवाज कुठे सरकतो हे सुरुवातीच्या पाच मिनिटांत सहसा ठळक दिसत नाही, म्हणून शेवटी बघायचं.

मग त्या फाइलचा पाच मिनिटांचा तुकडा ठेवून बाकी काढून टाका आणि नेहमी जे करता ते सगळं त्यावर करा. दहा-पंधरा कट, एक विरघळत जाणारा बदल, रंग थोडा उजळ, खाली आवाजाचा दुसरा ट्रॅक. प्ले करा. अडखळत असेल तर प्रॉक्सी चालू करा, म्हणजे एडिटिंग लहान मापाच्या प्रतींवर होतं आणि शेवटचं रेंडर मूळ फाइलींवरून. शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोन्हींत ही सोय आहे. प्रॉक्सीनंतरही अडखळत असेल तर तुमच्या संगणकाला ते सॉफ्टवेअर झेपत नाही.

शीर्षक मराठीत टाकून बघा, तेही अवघड शब्दाचं. मी नेहमी ‘प्रात्यक्षिक’ आणि ‘कर्तृत्व’ टाकतो. रफार जागेवर आहे का, वेलांटी आधी येते का, जोडाक्षर फुटतं का? फॉन्ट बदलून बघा. फुटत असेल आणि सॉफ्टवेअर आवडलंच असेल तर इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये शीर्षक करून पारदर्शक पीएनजी म्हणून टाकता येतं, पण वीस शीर्षकांच्या व्हिडिओत त्याचा कंटाळा येईल.

आता प्रोजेक्ट सेव्ह करा आणि प्रोग्राम मुद्दाम मारून टाका, टास्क मॅनेजरमधून. पुन्हा उघडा. किती काम परत मिळालं? हे करायला लोक कचरतात. खरा क्रॅश मध्यरात्री येण्यापेक्षा आज दुपारी आपणच आणलेला बरा.

शेवटी रेंडर. एच.२६४, एएसी, एमपी४, एवढ्या तिघांनी बहुतेक ठिकाणचं भागतं. दर्जाचा आकडा सीआरएफमध्ये विचारला तर २३ हा एन्कोडरचा मूळ आकडा आहे. कमी आकडा म्हणजे चांगला दर्जा आणि मोठी फाइल. मी २० वर ठेवतो. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. पाच मिनिटांच्या तुकड्याला वीस मिनिटं लागली तर तासाभराच्या कामाला चार तास, हा हिशोब लगेच कळतो. तयार फाइल फोनवर उघडून हेडफोन लावून पूर्ण बघा, ज्या संगणकावर केली तिथेच नाही.

दोन्ही सॉफ्टवेअरवर हेच केल्यावर निवड बहुधा आपोआप होते. दोन्ही पास झाली तर ज्यात कमी वेळा मदत शोधावी लागली ते ठेवा आणि दुसरं काढून टाका.

काम सुरू झाल्यावर

ओबीएसने स्क्रीन रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्हीमध्ये करा आणि नंतर त्यातूनच एमपी४ काढा. साधी एमपी४ रेकॉर्डिंग होताना वीज गेली तर फाइल उघडतच नाही. एमकेव्ही जिथवर झाली तिथवर चालते.

प्रत्येक कामाचा एकच फोल्डर ठेवा: मूळ क्लिपा, साफ केलेला आवाज, फॉन्ट, प्रोजेक्ट फाइल सगळं त्यात. आणि चालू कामाच्या मध्यावर सॉफ्टवेअर अपडेट करू नका. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडेलच असं नाही. केडेनलाइव्हच्या मोठ्या आवृत्त्या एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये येतात आणि आकड्यातच वर्ष-महिना असतो, २४.१२ म्हणजे डिसेंबर २०२४. त्यामुळे आपण कुठे आहोत हे पटकन कळतं. काम संपलं की ज्या आवृत्तीत ते केलं तिची इन्स्टॉलर फाइलही मी त्याच फोल्डरमध्ये टाकून ठेवतो. दोन वर्षांनी कुणी म्हणालं, त्या व्हिडिओतलं तेवढं एक नाव बदलून द्या, तर ती लागते.